परड्यात माळवंही, कोंबड्याही: बेळगाव सीमाभागासाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात अजून बऱ्याच घरांमागे परडं शिल्लक आहे. अर्धा-एक गुंठा जागा, कडेला शेवगा आणि कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू. पण अशा घरांत बहुधा दोनातलं एकच दिसतं. माळवं, म्हणजे भाजीपाला, करणारे कोंबड्या नको म्हणतात, आणि कोंबड्या पाळणारे वाफे करायचं सोडून देतात. कारण उघड आहे. संध्याकाळी टाकलेली मेथी सकाळी उकरून विस्कटलेली असते.

माझं मत ठाम आहे: दोन्ही एकाच परड्यात असायलाच हवीत, फक्त एकाच वेळी एकाच वाफ्यात नकोत. कोंबड्यांची वेळ ठरवायची आणि वाफ्यांची पाळी लावायची, हीच या कामातली खरी मेख आहे. खुराडा, खाद्य, खत, लस या सगळ्या गोष्टी शिकता येतात. पाळी मोडली की मात्र माळवंही जातं आणि शेजाऱ्यांशी भांडणही होतं.

आधी जागा मोजा

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घर आणि अंगण सोडून मागे अर्धा गुंठा मोकळा असेल, तर पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पुरे. त्याहून जास्त ठेवल्या तर गवताचं पातं उरत नाही, जमीन घट्ट होते आणि पावसाळ्यात चिखल होतो. शहापूर, वडगावसारख्या दाटीच्या वस्तीत राहत असाल तर कोंबडा ठेवूच नका. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लं काढायची असतील तर. पहाटेच्या आरवण्यावरून गल्लीत तक्रारी होण्यापेक्षा बिनफळाची अंडी बरी.

जागेचे चार भाग पाडा. तीन भाग वाफ्यांचे, चौथा कोंबड्यांचा कायमचा, खुराड्यासकट. हा चौथा भाग पावसाळ्यात पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर हवा. आपल्याकडे पावसाळी वारा आणि झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते, म्हणून खुराड्याची पश्चिम बाजू पूर्ण बंद आणि तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन आत येतं, खालचा थर कोरडा राहतो आणि कोंबड्या लवकर बाहेर पडतात.

माती पाहून वाफ्याची उंची ठरवा. खानापूर, जांबोटीकडच्या तांबड्या जांभ्या मातीतून पाणी लगेच निचरतं, पण पावसाबरोबर सत्त्वही धुऊन जातं, तिथे खत दोन-तीन हप्त्यांत द्यावं. अथणी आणि चिकोडीच्या पूर्वेकडची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे वाफा वीतभर उंच केल्याशिवाय वांगी-मिरचीची मुळं तग धरत नाहीत.

पाळी कशी लावायची

सुरुवात मे महिन्यात. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की माती मऊ होते. पहिला वाफा कुदळीने वीतभर खणा, भोवती चार फूट उंच जाळी लावा आणि आठवडाभर रोज सकाळी तीन-चार कोंबड्या आत सोडा. हुमणीच्या अळ्या, किड्यांचे कोष, तणाचं बी सगळं त्या वेचून खातात. उसाच्या पट्ट्यात हुमणीने किती नुकसान होतं हे निपाणी-संकेश्वरकडच्या माणसाला सांगायला नको. मग तिथून काढून दुसऱ्या वाफ्यात, नंतर तिसऱ्यात. मृग निघेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, तिन्ही वाफे साफ झालेले असतात आणि थोडीफार विष्ठाही मातीत मिसळलेली असते.

ती विष्ठा ताजी असते हे मात्र विसरायचं नाही. तिच्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. म्हणून कोंबड्या फिरलेल्या वाफ्यात पहिलं पीक उंच वाढणारं आणि शिजवून खायचं घ्या: वांगी, भेंडी, गवार, मंडपावर दोडका. कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारखं कच्चं खायचं माळवं तिथे तीन-चार महिने नको. मिरची लावायची असेल तर ठेच्यात कच्ची जाते हे लक्षात ठेवून तिच्यासाठी एक वाफा त्या वर्षी कोंबड्या न सोडता राखून ठेवा.

बी पडलं की वाफा बंद. जाळी चार-पाच फूट हवी, वरचा काठ सैल सोडलेला. कोंबडी आधी काठावर बसते आणि मग आत उडी मारते. काठ डुगडुगला की तिला बसता येत नाही. जाळी विकत घेणं परवडत नसेल तर बाभळीची कुपाटी चालते, पण तळाला फटी ठेवू नका. गावठी कोंबडी तरीही उडत असेल तर एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापा. कोंबडीला काखेत धरा, एक पंख पसरा, टोकाकडची दहा मोठी पिसं दिसतील. वरच्या बारीक पिसांच्या थराखाली कात्री लावा. पिसाचा दांडा पांढरा आणि कोरडा असेल तरच कापायचा; निळसर-काळपट दिसला तर त्यात रक्त असतं, ते पीस सोडून द्या. दोन्ही पंख कापू नका, एकाच बाजूने कापलं की तोल जातो आणि उडणं थांबतं. नवी पिसं आली की पुन्हा कापावं लागतं.

दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. दिवसभर कोंबड्या आपल्या चौथ्या भागात. सूर्य मावळायच्या तासभर आधी त्यांना मंडपाखाली आणि झाडांच्या भागात सोडा. या वेळी पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं, उकरण्याचा जोर कमी असतो आणि अंधार पडला की त्या आपोआप खुराड्यात परततात. हाकलत बसावं लागत नाही. नव्या आणलेल्या कोंबड्यांना मात्र पहिले आठ-दहा दिवस खुराड्यातच ठेवा, तेव्हा त्यांना घर कळतं. रोज दाणे टाकताना एकच हाक द्या.

दोडका, पडवळ, कारली, दुधी यांचे वेल मंडपावर चढून महिना-दीड महिना झाला की खाली कोंबड्या सोडायला हरकत नाही. उन्हात त्यांना तीच सावली आवडते. केळ, पपई, शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांच्या बुंध्याभोवती फुटकी कौलं किंवा दगड मांडा, मुळं उघडी पडत नाहीत. अळूला त्या सहसा तोंड लावत नाहीत. मिरची तिखट म्हणून सुरक्षित राहील असं मात्र समजू नका. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पिकलेली लाल मिरची कोंबडी चवीने खाते. संकेश्वरी मिरचीची रोपं लावली असतील तर जाळी पक्की हवी.

पीक संपलं की वाफ्याचं दार पुन्हा उघडा. वांग्याची झाडं उपटायच्या आधी आठवडाभर कोंबड्या आत गेल्या की किडकी फळं, पानांखालच्या अळ्या आणि पडलेलं बी त्या खाऊन टाकतात.

खुराडा

एका कोंबडीला रात्री बसायला दोन चौरस फूट जागा लागते. सात पक्ष्यांना चार बाय चार फूट पुरतं. खानापूरकडे पाऊस जास्त, तिथे तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बांबूच्या पट्ट्यांचा करावा. विष्ठा खाली पडते आणि वर कोरडं राहतं. अथणीकडे पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे जमिनीवरच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार-सहा इंच पसरला तरी चालतो. बसायला दोन इंच जाडीचा गोल दांडा, दीड-दोन फूट उंचीवर. छप्पर पश्चिमेला दोन फूट पुढे काढा.

जाळीची भोकं अर्ध्या इंचाहून मोठी नकोत. एक इंचाच्या जाळीतून लहान साप शिरतात. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरा. कडी लावण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. ‘त्याने लावली असेल’ म्हणत दोघेही झोपले की बोका किंवा उदमांजर त्याच रात्री येतं.

अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक जुनी बुट्टी, आत पेंढा, कोपऱ्यात अंधारात. बुट्टी बसायच्या दांड्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

कुठल्या कोंबड्या

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, पण ती चपळ असते, घारीपासून स्वतःला वाचवते आणि रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसते. बेंगळुरूत तयार झालेली गिरिराज जात वजनाला भारी आणि अंड्यांनाही गावठीपेक्षा सरस. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया. त्यातली ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली. या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, अंड्यांवर बसत नाहीत, म्हणजे पिल्लं काढायला उपयोगी नाहीत. शिवाय त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत, हे विकणारे सांगत नाहीत.

म्हणून सुरुवातीला चार सुधारित तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि दोन गावठी कोंबड्या असा मेळ बरा. एक दिवसाची पिल्लं स्वस्त मिळतात, पण पहिल्यांदाच पाळणार असाल तर दीड-दोन महिन्यांची, लस दिलेली घ्या. आणि आणा दिवाळीनंतर. पावसाळ्यात आणलेला पक्षी नव्या जागेत आजारी पडतो. माहिती आणि प्रशिक्षणासाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते.

खाद्य

अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. किडे, गवत, खरकटं यांतून काही भाग सुटतो, उरलेलं द्यावं लागतं. घरी दहा किलो मिश्रण करायचं तर मक्याचा भरडा पाच किलो, तांदळाची कणी आणि बारीक कोंडा मिळून दोन किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड दोन किलो, शिंपल्याचा चुरा ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण ३०० ग्रॅम आणि मूठभरापेक्षा कमी, सुमारे ३० ग्रॅम मीठ. मक्याऐवजी काही भाग जोंधळा किंवा नाचणी चालते. शिंपल्याचा चुरा फक्त अंड्यावरच्या कोंबड्यांना; पिल्लांना दिला तर मूत्रपिंडं खराब होतात.

बुरशी लागलेला मका किंवा पेंड कधीच देऊ नका. पावसाळ्यात पोतं उघडलं की नाकाला कुबट वास येतो, दाण्यावर हिरवट-काळी पूड दिसते. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि पाखडून किंवा वाळवून ते निघत नाही. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा.

कोबीची बाहेरची पानं, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची जून पानं जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला टांगा; जमिनीवर टाकली तर अर्धी तुडवली जातात. हिरवे झालेले बटाटे आणि त्यांची सालं, कच्ची वाळकी कडधान्यं आणि खारवलेलं खरकटं टाळा.

पेरणीच्या हंगामात आणखी एक जपायचं. दुकानातलं मक्याचं बियाणं औषध लावून गुलाबी-लाल केलेलं असतं. उरलेलं मूठभर बी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कोंबड्यांपुढे टाकलं की पक्षी जातात. दाणेदार कीटकनाशक तर परड्यात नकोच. कोंबडी ते दाणे समजून टिपते. माळव्यावर कीड पडली तर निंबोळी अर्क वापरा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळच्या वेळी फवारायचं.

खत: घाई नको

कोंबडीच्या विष्ठेत नत्र शेणखतापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणूनच ताजी टाकली तर रोपं जळतात. पानांच्या कडा करपतात, नवी पालवी आखडते आणि लोक रोग समजून औषध फवारत बसतात.

खुराड्याखालची विष्ठा आणि तूस एक पाटी, तर वाळका पाला, उसाचं पाचट, भाताचा पेंढा मिळून दोन-तीन पाट्या, असं थरावर थर रचा. ढीग तीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. ओल तपासायची पद्धत साधी आहे. ढिगात हात घालून मूठभर माल घ्या आणि घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल बरोबर. पाणी गळलं तर वाळका पाला वाढवा, गोळा लगेच फुटला तर पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात धरवत नाही इतकी ऊब येते. ती यायलाच हवी, तिनेच जंतू आणि तणाचं बी मरतं. दर पंधरा दिवसांनी ढीग उलटा, बाहेरचं आत घाला. नाकात झोंबणारा वास आला तर नत्र हवेत चाललंय, लगेच पाला घाला.

आपल्याकडे चुलीची राख उकिरड्यावर टाकायची जुनी सवय आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत राख किंवा चुना मिसळू नका. त्याने अमोनिया सुटून नत्र उडून जातं. राख वेगळी ठेवा, ती कोंबड्यांच्या धुळवणीला (मातीत लोळण्याला) आणि तांबड्या मातीतल्या वाफ्यांना थोडी थोडी उपयोगी पडते. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री हवीच, नाहीतर सगळं सत्त्व गटारात जातं.

अडीच-तीन महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत होतं आणि मातीसारखा वास येतो. वाफ्याला चौरस मीटरला एक ते दीड किलो पुरे. दिवाळीच्या सुमारास रचलेला ढीग फेब्रुवारीत वापरा, मार्चअखेर रचलेला मृगाच्या लावणीला.

लागवडीचं वर्ष

मे अखेरीस वांगी-मिरचीचा तरवा टाकायचा, खानापूरकडे थोडा आधी. मृगावर दोडका, पडवळ, कारली, भेंडी, चवळी, अंबाडी. जुलै-ऑगस्टच्या झडीत पालेभाजी कुजते, त्या काळात अळू आणि शेवग्यावर भागवा. बेळगाव परिसरातली रताळी पावसाळ्यातलीच. वेलाचे जून तुकडे वरंब्यावर लावले की झालं, पाला कोंबड्यांनाही चालतो. दसऱ्यापासून खरा हंगाम. मेथी, पालक, शेपू, मुळा, गाजर, कोबी, पावटा, टोमॅटो सगळं जानेवारीपर्यंत येतं. मार्चनंतर पाणी पाहून गवार, काकडी, तांबडी भाजी.

आजार आणि लस

राणीखेत हा परड्यातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून धापा, मान पिरगळलेली, आणि चार दिवसांत खुराडा रिकामा. यावर औषध नाही, लस आहे. पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-२-बी ही राणीखेतचीच पुढची लस. नेमका क्रम आणि वेळ आपल्या पशुवैद्यांना विचारून पक्की करा.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि आपल्याकडे असतात सात. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, संध्याकाळी गारव्यात द्या आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवा. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना लस मिळाली तर रोग आत शिरायलाच वाट कमी उरते, म्हणून शेजाऱ्यांना समजावण्यात घातलेला वेळ सत्कारणी लागतो.

पावसाळ्यात पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण समजा. ओला भुसा बदला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उवा-पिसवांसाठी कोरड्या सावलीत एका घमेल्यात माती आणि राख ठेवा, कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. मेलेला पक्षी नाल्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. एकाएकी अनेक पक्षी मेले तर विकून मोकळं व्हायची घाई न करता दवाखान्याला कळवा.

अंडी आणि पिल्लं

अंडी धुऊन ठेवू नका. कवचावरचा नैसर्गिक थर जातो. कोरड्या फडक्याने पुसा, टोकदार बाजू खाली ठेवा. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवा. त्यात गिरिराजची अंडी असली तरी ती उबवते. बैठकीला शांत, अंधारी जागा हवी, आणि बसवायच्या आधी तिच्या अंगावर उवा नाहीत ना ते पाहा. सातव्या दिवशी रात्री विजेरीसमोर अंडं धरा: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर फळलेलं, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा रवणीला चांगला काळ.

आईशिवाय पिल्लं वाढवायची तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब जुना तारेचा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडली तर उकडतंय. आणल्याबरोबर प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, त्याशिवाय काहींना पाणी सापडत नाही. भांडं उथळ, त्यात गारगोट्या, म्हणजे बुडत नाहीत.

आईबरोबरची पिल्लं पहिले तीन आठवडे दिवसा डालग्याखाली ठेवा. घार आणि कावळे ताकून असतात. सहा-आठ आठवड्यांची झाली की मोठ्यांत सोडा, तीही रात्री, खुराड्यातल्या दांड्यावर हळूच बसवून. सकाळी सगळ्या एकत्र उठतात आणि टोचाटोची कमी होते. जास्तीचे कोंबडे आखाडाआधी किंवा गावजत्रेच्या सुमारास विकायला काढा, तेव्हा मागणी असते. श्रावणात भाव पडतो आणि खाद्य मात्र तेवढंच लागतं.